चाक उचलून बघू नका, स्पोक दाबून बघा

रविवारी पहाटे साडेपाचला मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएसमोर उभे राहिलात तर एक गंमत दिसते. कोणाच्या सायकलला नवी चाकं लागली असली की बाकीचे येऊन सायकल दोन बोटांनी उचलून बघतात, "आयला, काय हलकी झालीय रे" म्हणतात, आणि चाकात स्पोक (तारा) किती, हब (चाकाचा मधला तुंबा) कुठला, त्याचं बेअरिंग इथे मिळतं का, हे कोणीच विचारत नाही. मीपण त्यातलाच होतो. बोनस आला तसा चाकांवर उडवला, पुढे १८ आणि मागे २४ स्पोकची, चपट्या काळ्या स्पोकची, दिसायला एकदम झकास जोडी घेतली. आठ महिन्यांनी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर मागून टण्ण असा आवाज आला आणि चाक असं वळवळायला लागलं की ब्रेकचं सोडाच, टायर फ्रेमला घासायला लागला. घरी आलो टेम्पोतून. तो स्पोक सरळ डोक्याचा, म्हणजे हबकडे मान न वाकवलेला, त्या कंपनीचाच लागणार, मुंबईत कोणाकडेच नाही, बाहेरून मागवायचा. तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी, एका स्पोकसाठी.

तेव्हापासून चाकं घेताना मी काय बघतो ते लिहितोय. रेस मारणाऱ्यांसाठी नाही हे, आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या आधी मरीन ड्राइव्ह किंवा आरे, रविवारी खोपोली-लोणावळा किंवा येऊर, आणि वर्षातून एखादी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, करणाऱ्यांसाठी आहे.

आधी वजनाचं उरकून टाकू, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात. साधी, दणकट अल्युमिनियमची जोडी साधारण १९०० ग्रॅमच्या आसपास असते, शिमानोची आरएस१०० घ्या, तिचं वजन तेवढंच. चांगली हलकी अल्युमिनियमची जोडी, म्हणजे कॅम्पाग्नोलो झोंडासारखी, १५५०च्या आसपास. कार्बनवाली अजून खाली जाते. आपण सरळ ४०० ग्रॅमचा फरक धरू. आता मी ७४ किलो, सायकल ९, बाटल्या, पंप, ट्यूब, मोबाईल मिळून २, झाले ८५ किलो. त्यातले ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून खंडाळ्यापर्यंत चढायला समजा मला ४० मिनिटं लागतात, तर अर्ध्या टक्क्याच्या हिशोबाने माझे वाचले जेमतेम दहा-बारा सेकंद. देवळापाशी हात जोडायला थांबतो तेवढ्यात ते खर्च होतात. आणि ४०० ग्रॅम म्हणजे अर्ध्या बाटलीपेक्षा थोडं जास्त पाणी, ते तर तुम्ही खोपोलीत वडापाव खातानाच पिऊन टाकता.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार की अरे पण चाकाचं वजन दुप्पट धरायचं असतं, ते फिरतं ना. हे खोटं नाही पण अर्धवट आहे. रिम आणि टायर, म्हणजे कडेचं वजन, वेग वाढवताना दुप्पट लागतं, कारण ते पुढेही न्यायचं आणि गरगर फिरवायचंही. पण फक्त वेग वाढत असताना. एकदा २८-३०ला लागलात की ते आपलं आपण फिरत राहतं, आणि चढावर एका लयीत चढताना रिमचा ग्रॅम आणि पोटाचा ग्रॅम सारखाच. हबचं वजन मधोमध असतं, त्याला हा दुपटीचा नियम लागूच होत नाही म्हटलं तरी चालेल. बरं, दुप्पट धरूनच हिशोब करू, ४०० ग्रॅम सगळे कडेलाच आहेत असं समजू. सिग्नल सुटला, शून्यावरून ३०च्या स्पीडला गेलात, तर त्या ४०० ग्रॅमसाठी २८ ज्यूल जास्त लागले. तुम्ही २५० वॉट मारत असाल तर हे झालं एका सेकंदाचा नववा भाग. मागून बेस्टची बस हॉर्न देते त्या घाईत हे कळणार आहे का कोणाला?

तरीपण हलकं चाक हातात आणि पायाखाली वेगळं लागतं, हे मी नाकारत नाही. सायकल पटकन वळते, उठून मारताना जिवंत वाटते, मजा येते, आणि मजेसाठी पैसे घालायला काहीच हरकत नाही, फक्त ते मजेसाठी घातलेत हे माहीत असू द्या. ज्यांना खरोखर फरक पडतो ते म्हणजे रस्त्यावर छोट्या फेऱ्या मारत रेस करणारे, दर वळणाला ब्रेक आणि पुन्हा स्प्रिंट, किंवा घाटाच्या रेसमध्ये दहा सेकंदांवर नंबर ठरणारे. प्रोफेशनल लोकांचीपण गंमत बघा, यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, नियम आहे की सायकल ६.८ किलोच्या खाली नको, २००० सालापासून आहे तो, त्यामुळे सपाटीवर ते बिनधास्त उंच आणि थोडी जड रिम लावतात, कारण वेगात खरी मारामारी हवेशी असते, वजनाशी नाही.

आता टिकण्याचं. स्पोक का तुटतो हे एकदा समजलं की निम्मं काम झालं.

लोकांना वाटतं खड्ड्यात आदळलं म्हणून तुटला. आदळल्याने रिमला पोचा येतो, टायर चिरतो, ट्यूबला सापाचा दंश झाल्यासारखी दोन भोकं पडतात. स्पोक मात्र बहुतेक वेळा थकून तुटतो. चाक फिरताना जो स्पोक जमिनीच्या बाजूला येतो त्याचा ताण थोडा कमी होतो, वर गेला की परत येतो, असं दर फेरीला. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये ४७ लाखांहून जास्त वेळा. स्पोक आधीच सैल असेल तर तो खाली येताना पूर्ण ढिला पडतो आणि वर जाताना झटक्याने ताणला जातो, मग ती वाकलेली मान, जिथे तो हबच्या भोकात अडकतो, तिथे हळूहळू चीर जाते आणि एक दिवस कारण नसताना, अगदी गुळगुळीत रस्त्यावर, टण्ण. जाड स्पोक घातला म्हणून हे थांबत नाही. उलट मध्ये बारीक आणि टोकांना जाड असलेला स्पोक, २.०-१.८-२.० वाला, जास्त टिकतो कारण मधला बारीक भाग ताणला जाऊन झटका खातो आणि मानेला आराम मिळतो. सापिम रेस किंवा डीटी स्विस कॉम्पिटिशन म्हणून मागा.

मागच्या चाकाची अजून एक भानगड असते. उजवीकडे कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, बसवायची म्हणून त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे येतात आणि रिम मधोमध ठेवायची तर उजवीकडे ताण भरपूर, डावीकडे त्याच्या साधारण निम्मा. म्हणून सगळी रडारड मागच्याच चाकात. उजवीकडे १०० ते १२० किलोचा ताण ठेवला तर डावीकडे कसाबसा ५०-६० मिळतो, आणि उजवीकडेच जर ८० ठेवला असेल, जे कारखान्यातून स्वस्तात बनून आलेल्या चाकात बऱ्याचदा असतं, तर डावीकडचे स्पोक नुसते शोभेला.

म्हणून माझं मत असं की चाक कुठल्या कंपनीचं यापेक्षा ते ताणलंय कसं यावर ते किती टिकणार हे ठरतं. साधी रिम, साधा हब, पण सगळ्या स्पोकचा ताण सारखा आणि पुरेसा, असं चाक वर्षानुवर्षं आऊट होत नाही, म्हणजे फिरताना डगमगत नाही. आणि महागडं चाक वाकडंतिकडं ताणलेलं असेल तर सहा महिन्यांत दर रविवारी आऊट काढत बसा.

दुकानात हे कसं बघायचं, सोपं आहे. एका बाजूचे शेजारचे दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून दाबा, चाकभर फिरून. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा लिबलिबीत लागली की समजा गडबड आहे. मग नखाने तारेसारखा छेडा, एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास एक हवा, मागच्या चाकात उजवीचा सूर डावीपेक्षा उंच असणारच, तो दोष नाही. नंतर चाक फिरवून ब्रेकच्या पॅडजवळ किंवा फ्रेमजवळ बोट धरा, डावीउजवीकडे किती हलतंय आणि वरखाली उडी मारतंय का, दोन्ही बघा. आऊट नाही म्हणजे चाक चांगलं असं मात्र समजू नका, कारण चार स्पोक ढिले ठेवून त्याच बाजूचे शेजारचे चार आवळले तरी रिम सरळ दिसते. सरळ दिसणं एक आणि सारखा ताण दुसरं. हाताने चाक बनवून घेणार असाल तर बनवणाऱ्याला विचारा, ताण मोजायचं मीटर आहे का, पार्क टूलचं टीएम-१ असतं बऱ्याच जणांकडे, आणि आकडे लिहून द्याल का. जो "अहो हाताला कळतं मला" म्हणतो तो पन्नास वर्षं चाकं बांधणारा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दुसरीकडे जा.

स्पोक किती हवेत? सत्तर किलोच्या आत असाल आणि सामान नसेल तर पुढे २०, मागे २४ चालतं. त्याच्या वर ८५ पर्यंत पुढे २४, मागे २८. त्याहून जड किंवा ब्रेव्हेला बॅग बांधून जाणारे, त्यांनी पुढे २८, मागे ३२ किंवा दोन्हीकडे ३२ घ्यावेत, लाजू नये. आणि आपले रस्ते बघता, म्हणजे पेव्हर ब्लॉकचे उंचवटे, उड्डाणपुलांचे सांधे, काँक्रीट आणि डांबर भेटतं तिथली पायरी, पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या पातळीखाली गेलेली मॅनहोलची झाकणं, हे सगळं बघता शंका असेल तर एक पायरी वरची घ्या. चार-आठ स्पोकांनी वजन वाढतं किती, एक स्पोक निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट) धरून सात ग्रॅमच्या आसपास, आठ स्पोक म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. आणि खरा फायदा तुटल्यावर कळतो. ३२च्या चाकातला एक गेला तर ब्रेक थोडा सैल करून, सावकाश, तुम्ही ठाण्याहून दादरला स्वतः सायकल चालवत येता. १८-२०च्या चाकातला गेला की टेम्पो शोधा.

स्पोक वाकड्या मानेचा साधाच घ्या आणि निपल पितळेची. अल्युमिनियमच्या निपलने अख्ख्या जोडीत तीस-चाळीस ग्रॅम वाचतात खरे, पण आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, अल्युमिनियम त्यात पांढरं पडतं, सडतं, आणि दोन वर्षांनी आऊट काढायला पाना लावला की निपल गोल होते नाहीतर तिथेच तुकडा पडतो. घामाचंही तेच, घरातल्या ट्रेनरवर सायकल लावून घाम गाळणाऱ्यांनी तर नक्कीच पितळ.

हबबद्दल दोन तट आहेत. शिमानोचे हब कप-कोनचे, आत सुटे छर्रे, ते काढून पुसून ग्रीस भरून कोन नीट बसवला की लोण्यासारखं फिरतं, आणि हे काम कुठल्याही जुन्या सायकलवाल्या काकांना येतं. पण पाणी आत जाऊन गंजलं आणि तुम्ही तसंच चालवत राहिलात तर कपला खड्डे पडतात, मग हबच बाद. सील्ड बेअरिंगचा हब, नोव्हाटेक, डीटी स्विस वगैरे, त्यात बेअरिंग खराब झालं की ठोकून काढायचं आणि नवीन बसवायचं. आणि इथे मुंबईकराचं नशीब, बेअरिंगवर ६९०२ किंवा ६८०३ असा नंबर लिहिलेला असतो, तो नंबर घेऊन मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला जा, दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं मागा, आणा. सायकलच्या दुकानाची गरजच नाही. मी स्वतः सील्डवाला, कारण पावसाळ्यात सायकल चालवतो आणि आळशी आहे. काहीही घ्या, हबवर प्रेशरचा पाइप मारून गाडीसारखी सायकल धुऊ नका, सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

रिम. अल्युमिनियम घ्या, आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर, म्हणजे २८ मिलिमीटरचा टायर छान बसतो. हुकलेस नावाचा प्रकार आलाय, ज्यात रिमच्या कडेला टायर धरून ठेवणारा ओठ नसतो, त्यात हवा ५ बारच्या म्हणजे साधारण ७३ पीएसआयच्या वर भरायची नाही आणि टायरही त्याला चालणाराच लागतो. शंभर पीएसआय भरायची सवय असलेल्यांनी यापासून लांब राहा. तुमची सायकल रिम ब्रेकची असेल तर रिम हीच ब्रेकची पाटी, आणि पावसात रस्त्यावरची बारीक वाळू पॅडमध्ये बसून ती खरवडते. ब्रेक लागतो तिथे बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिम संपली. स्टीलची पट्टी उभी लावून बघा, मध्ये खोलगट फट दिसली तरी तेच. हे चालढकल करायचं काम नाही, पातळ झालेली रिम हवेच्या दाबाने फाटते, आणि ती घाट उतरताना फाटली तर काय होईल ते सांगायला नको. रिम ब्रेकवर कार्बन तर मी म्हणेन नकोच. ओल्यात ब्रेक उशिरा लागतो आणि खंडाळ्याहून खाली येताना ब्रेक धरून धरून आलात तर रिम तापते. डिस्क ब्रेकवाल्यांना, ज्यांचा ब्रेक हबजवळच्या चकतीवर लागतो, हा त्रास नाही, त्यांची रिम आदळून वाकडी झाली नाही तर खूप वर्षं जाते.

उंच रिम, ४५-५० मिलिमीटरवाल्या, सपाटीवर वेगात हवा थोडी चांगली कापतात हे खरंय, आणि त्या वजनाच्या फरकापेक्षा जास्त कामाच्या. पण जुलैत वाशीच्या खाडीपुलावर किंवा पाम बीचला आडवा वारा सुटला की पुढचं चाक कोणीतरी हाताने ओढल्यासारखं होतं, आणि बाजूने डंपर चाललेला असतो. पन्नास-पंचावन्न किलोच्या लोकांनी पुढे तीसच्या आसपासची ठेवावी.

बसतंय का ते मात्र आधी बघा, लोक ऑनलाइन मागवतात आणि मग डोक्याला हात लावतात. रिम ब्रेकच्या सायकलला मागे साधारण १३० मिलिमीटरचा क्विक रिलीज (खटका दाबून चाक सोडायचा बारीक अॅक्सल), आताच्या डिस्कच्या सायकलला पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२चा थ्रू अॅक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड अॅक्सल, आधी जाडी मग रुंदी). जुन्या डिस्कवाल्या काही सायकलींना १३५ क्विक रिलीज असतो, तेव्हा मोजा. कॅसेट ८, ९, १० स्पीडची, म्हणजे तेवढ्या चकत्यांची, असेल आणि हब ११ स्पीडचा असेल तर घाबरू नका, मागे १.८५ मिलिमीटरची चकती टाकली की बसते. उलटं मात्र जमत नाही.

आता ज्यांना तरीही "हलकं" हवंच आहे त्यांच्यासाठी स्वस्तातला मार्ग. नवीन सायकलवर जे टायर येतात ते पुष्कळदा तारेच्या कडेचे, ३५० ग्रॅम किंवा वरचे. त्या जागी घडी होणारा चांगला टायर, कॉन्टिनेंटलचा जीपी ५००० किंवा त्या तोडीचा, घातला की एका टायरमागे सहज शंभर ग्रॅम उतरतात, तेही अगदी कडेचे. ट्यूब साधी रबरी १०० ग्रॅमची, टीपीयूची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, ४०च्या आत. झाले दोन्ही चाकं मिळून तीनशेच्या वर ग्रॅम, चाकांच्या किमतीच्या तुकड्यात. आणि वजन हा त्यातला बोनस, खरा फायदा असा की चांगला टायर रस्त्यावर कमी घासटतो, दोन्ही मिळून दहा-पंधरा वॉटचा फरक पडू शकतो, जो कुठलीही हलकी रिम देणार नाही. टीपीयू रिम ब्रेकला चालते का ते पाकिटावर वाचून घ्या, सगळ्या चालत नाहीत. अट एकच, फ्रेममध्ये बसत असेल तर २५ऐवजी २८ घ्या आणि हवा कमी ठेवा, ७०-७५ किलोच्या माणसाला सत्तर पीएसआयच्या आसपास पुरते. टायर जेवढा आदळणं खातो तेवढं रिमला आणि मनगटाला कमी.

सेकंडहॅण्ड जोडी बघायला कुठे बोरिवली-डोंबिवलीला जाणार असाल तर वरचं सगळं कराच, शिवाय रिमच्या कडेवर बोट फिरवा, पोचे बोटाला कळतात. अॅक्सल दोन बोटांत धरून फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग, खडखड हललं तर कोन ढिला. आणि हबच्या भोकांपाशी, स्पोकच्या मानेजवळ, मोबाईलचा टॉर्च मारून चीर आहे का बघा. एखादा स्पोक बाकीच्यांपेक्षा नवा चकचकीत दिसला तर विचारा, किती तुटले आतापर्यंत. एक तुटला तर नशीब, तीन तुटले असतील तर अख्खं चाक थकलंय, बाकीचेही रांगेत आहेत, किंमत त्या हिशोबाने बोला.

नवीन चाक घेतलं की पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर परत नेऊन ताण तपासून आऊट काढून घ्या, स्पोक आपापल्या जागी बसतात आणि थोडे सैल होतात, हे सगळ्याच चाकांत होतं. आणि विकत घेतानाच त्याच मापाचे तीन जादा स्पोक मागून घ्या, पुढचा एक, मागच्या दोन्ही बाजूंचा एक-एक, कारण मागे डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असते. मी ते इन्सुलेशन टेपने मागच्या फ्रेमच्या नळीला चिकटवून ठेवलेत, सोबत निपल आणि छोटा पाना. गेल्या ऑगस्टला कर्नाळ्याच्या पुढे एकाचा स्पोक गेला, माझा त्याच्या चाकात बसला नाही, दोन मिलिमीटर लांब होता. मग शेजारचे दोन अर्धा-अर्धा आटा ढिले केले, ब्रेक उघडला, आणि तो पनवेलपर्यंत चालवत आला.